खुर्ची कुणाची, प्रश्न कुणाचा

नेपाळमधल्या थोरांग खिंडीच्या अलीकडे, सुमारे साडेपंधरा हजार फुटांवर, १९८२ साली एका सकाळी न्यूझीलंडच्या एका गिर्यारोहकाने खांद्यावरून आणलेला माणूस दुसऱ्या तुकडीच्या पुढ्यात टाकला. अंगावर जेमतेम कपडा, सोबत खायला काही नाही, थंडीने शुद्ध हरपत चाललेली. माणूस भारतीय साधू होता. मुक्तिनाथाचे दर्शन घेऊन खिंडीच्या वाटेने परत निघाला असावा, असा सगळ्यांचा अंदाज. आम्ही आमच्या परीने केले, तुमच्याकडे हमाल आहेत, आता तुम्ही बघा, असे सांगून न्यूझीलंडवाला आपल्या माणसांकडे वर निघून गेला.

ज्याच्या पुढ्यात साधूला टाकले त्याचे नाव बोवेन मॅकॉय. ‘मॉर्गन स्टॅनली’ या बँकेचा बडा अधिकारी, आपल्या चर्चमधला जबाबदार पदाधिकारी, कंपनीने दिलेल्या लांब सुटीत हिमालयात आलेला. पुढची सगळी हकिगत थोड्याथोड्या मदतीची आहे. मॅकॉयने साधूच्या मानेवरची नाडी पाहिली. माणूस जिवंत होता. त्याचा मित्र स्टीफन आणि वाटेत भेटलेले स्विस प्रवासी यांनी आपल्या पिशव्या उघडून साधूला नखशिखान्त गरम कपडे घातले. ऊन चढले की बर्फ भुसभुशीत होणार आणि खिंड हुकणार, या काळजीने मॅकॉय पुढे निघाला. मागून आलेल्या जपानी तुकडीने खायला-प्यायला दिले, पण त्यांच्याजवळ घोडा होता तो द्यायला नकार दिला. हमालांनी साधूला थोडे खाली, उन्हातल्या एका खडकापर्यंत नेले आणि आणखी पाचशे फूट खालची झोपडी हाताने दाखवली. जपानी लोकांच्या कुत्र्याने त्याला घाबरवले होते. त्या कुत्र्याला तो मरगळल्या हाताने दगड मारत होता, एवढे शेवटचे दिसले. तो जगला की मेला, यांच्यापैकी कुणालाच कधी कळले नाही.

१९८३ मध्ये मॅकॉयने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये हा प्रसंग लिहिला. मथळ्यात त्याला साधूचा दृष्टांत म्हटले होते. तेव्हापासून जगभरच्या मॅनेजमेंट संस्थांत नीतिशास्त्राच्या तासाला हा लेख वाचायला दिला जातो. मॅकॉयने काढलेला बोध कंपन्यांसाठी होता. प्रत्येकाने थोडे केले, पूर्ण जबाबदारी कुणीच घेतली नाही, कारण त्या घोळक्याला एकमुखाने निर्णय घेण्याची सवय नव्हती आणि सगळ्यांची मिळून अशी मूल्ये नव्हती. कंपनीतही संकटाच्या वेळी असेच होते, असे त्याचे म्हणणे. वर्गात प्रश्न ठरलेला असतो. मॅकॉयच्या जागी तुम्ही असता तर?

स्टीफनने त्याच दिवशी खिंडीत मित्राला आणखी एक बोचरा प्रश्न विचारला होता. तिथे साधूऐवजी नीटनेटक्या कपड्यांतली पाश्चात्त्य बाई पडलेली असती, तर आपण असेच वागलो असतो का?

भारतीय वर्गात या केसला वेगळे वळण लागू शकते. संन्यास घेताना माणूस स्वतःचे श्राद्ध आधीच उरकून टाकतो हे आपल्याकडे ठाऊक असते. त्यामुळे साधूने देहाची आशा सोडलीच असेल, त्याला वाचवायला जाणारे आपण कोण, असे कुणीतरी म्हणतेच म्हणते. ऐकायला हे वैराग्याच्या सन्मानासारखे वाटते. पण असे म्हणणाऱ्यांनीही साधूला विचारले नसतेच. साऱ्या लेखात साधू एक शब्द बोलत नाही. पाच देशांची माणसे त्याच्याविषयी बोलतात, भांडतात, पुढे पन्नासेक देशांतले विद्यार्थी त्याच्यावर उत्तरपत्रिका लिहितात. त्याच्या नावावर जमा असलेली एकमेव कृती म्हणजे कुत्र्याला मारलेले दगड, आणि ती तर शरीराची आशा सोडलेल्या माणसाची वाटत नाही.

केस पद्धतीने, म्हणजे एखाद्या प्रसंगावर वर्गात चर्चा घडवून, शिकवणाऱ्यांपुढचा जुना प्रश्न असा की, योग्य-अयोग्याचा विवेक शिकवता येतो का? त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतो, तो क्वचितच विचारला जातो. विवेक शिकायचा तर तो कुणाच्या जागी बसून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हार्वर्डने शंभर वर्षांपूर्वी होकारार्थी दिले. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघाले तेव्हा शेजारच्या लॉ स्कूलमध्ये क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० पासून रुजवलेली पद्धत समोर होती. कायद्याची तत्त्वे घोकण्याऐवजी न्यायनिवाडे वाचायचे आणि प्राध्यापकाच्या प्रश्नांच्या भडिमारातून तत्त्वापर्यंत पोचायचे. धंद्याला निवाडे नव्हते, म्हणून ते तयार करावे लागले. १९१९ मध्ये डीन झालेले वॉलेस डोनम स्वतः कायदा शिकलेले. त्यांनी माणसांना कंपन्यांत धाडून प्रत्यक्ष अडचणी लिहून आणायला लावल्या.

अशी लिहिलेली पहिली केस १९२१ची, ‘जनरल शू कंपनी’ नावाची, क्लिंटन बिडल यांची. लांबी जेमतेम पानभर. चपलाबुटांच्या कारखान्यातले कामगार सुटी होण्याच्या बरेच आधी काम थांबवून हात धुवायला जातात, व्यवस्थापनाने काय करावे? प्रश्न साधा, उत्तर खुले, आणि विद्यार्थी बसलेला व्यवस्थापकाच्या खुर्चीत. हात धुवायला किती नळ होते, कामाने हात कसे माखत होते, दिवस किती तासांचा होता, हे कामगाराच्या तोंडून विचारण्याची सोय त्या पानाच्या रचनेतच नव्हती. नंतरच्या शतकात केस वीस-पंचवीस पानांची झाली, तक्ते आणि परिशिष्टे वाढली, पण खुर्ची जागची हलली नाही.

या पद्धतीचा भक्कम आधार म्हणजे ॲरिस्टॉटल. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सहाव्या भागात तो म्हणतो की तरुण मुलगा भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारातला शहाणा होऊ शकत नाही, कारण हे शहाणपण एकेका प्रसंगाशी बांधलेले असते आणि प्रसंग अनुभवातूनच हाती लागतात. हार्वर्डच्या चार्ल्स ग्रॅग यांनी १९४० मध्ये केस पद्धतीच्या बाजूने एक लेख लिहिला, तो आजही नव्या प्राध्यापकांच्या हातात ठेवतात. शहाणपण सांगून देता येत नाही, हा त्याचा मथळाच. सांगता येत नाही तर काय करायचे? उसना अनुभव द्यायचा. दोन वर्षांत सुमारे ५०० केसेस, घोड्याच्या नालासारखा वर्ग, कुणाचेही नाव अचानक पुकारणारा प्राध्यापक, आणि वर्गातल्या बोलण्याला भरघोस गुण. आपल्याकडच्या संस्थांत या बोलण्याला ‘सीपी’ म्हणतात; सीपी मिळवण्यासाठी हात वर करणारे आणि सांगण्यासारखे काही असल्यामुळे हात वर करणारे वेगळे ओळखू येतात, असे तिथले प्राध्यापक सांगतात.

विशिष्ट प्रसंगावरून धर्माधर्म ठरवण्याची ही रीत धंद्याने शोधली नाही. तिची वंशावळ धर्मग्रंथांत आहे.

बौद्ध भिक्षूंच्या आचाराचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्यात नियम आधी आणि उदाहरण मागून, असे नसते. आधी घटना घडते. सुदिन्न नावाचा भिक्षू आईच्या आग्रहापोटी, वंश चालावा म्हणून, पूर्वीच्या पत्नीकडे जातो. प्रकरण बुद्धापर्यंत पोचते. मग नियम घालून दिला जातो. नियम होण्याआधी ज्याच्या हातून ते घडले त्याला त्या नियमाखालचा दोष लागत नाही, असेही सांगितले जाते. नियमापाठोपाठ ‘विनीतवत्थु’ म्हणजे निकाल लागलेली प्रकरणे येतात. अमक्याने असे केले, दोष आहे का? तमक्याने तसे केले, आहे का? आजच्या केसबुकाची बैठक याहून फार निराळी नाही.

युरोपात हीच विद्या पाद्र्यांनी वाढवली. पापाची कबुली ऐकणाऱ्याला सरसकट नियम पुरत नाहीत. भुकेल्याने पाव चोरला तर काय, जीव वाचवायला खोटे बोलला तर काय, असे प्रकरणाप्रकरणाने तोलावे लागते. येशूसंघीय यात इतके तरबेज झाले की पास्कालने १६५६-५७ मध्ये ‘प्रोव्हिन्शियल लेटर्स’ लिहून त्यांची यथेच्छ टर उडवली. बड्या लोकांच्या हव्या त्या कृत्याला सोयीचे कारण शोधून देणारी ही हुशारी आहे, हा त्याचा आरोप. तो इतका झोंबला की त्या विद्येचे नावच युरोपात पुढे शिवीसारखे वापरले जाऊ लागले.

विसाव्या शतकात तिची अब्रू परत मिळवली ती एका सरकारी समितीने, आणि तेही नकळत. माणसांवर होणाऱ्या वैद्यकीय प्रयोगांचे नियम ठरवण्यासाठी अमेरिकेत १९७४ मध्ये राष्ट्रीय आयोग नेमला. डॉक्टर, वकील, धर्मशास्त्रज्ञ, नाना मतांची माणसे. त्या आयोगाशी जोडलेल्या अल्बर्ट जॉन्सन आणि स्टीफन टूलमिन यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हा प्रयोग चालेल का, तो चालेल का, असे एकेक प्रकरण घेतले की सदस्यांचे चटकन एकमत होई. कशामुळे चालेल हे तत्त्व सांगायची वेळ आली की जो तो आपल्या धर्माच्या नाहीतर तत्त्वज्ञानाच्या वाटेने फुटे. १९८८ मध्ये दोघांनी मिळून त्या बदनाम विद्येचा इतिहास लिहिला. नैतिक खात्री आधी प्रकरणात सापडते, तत्त्व नंतर जुळवले जाते, असा त्यांचा निष्कर्ष. महाभारत वाचलेल्याला यात नवल वाटणार नाही. कर्णपर्वातला कौशिक सत्य बोलण्याचे व्रत पाळून दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट दाखवतो आणि नरकात जातो. नियम शाबूत, माणसे मेलेली.

तेव्हा केस पद्धतीने शिकवणाऱ्यांची मूळ धारणा पक्की आहे. धर्माचा कस प्रसंगातच लागतो. गडबड आहे ती प्रसंग कसा लिहिला जातो यात.

मराठीत प्रसंगावरून शिकवण्याचा जुना नमुना महानुभावांकडे आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितलेले शंभराहून अधिक दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातही आहे. या ग्रंथाची बांधणी तिपेडी असते. आधी स्वामींचे सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट जीवाला, देवतेला, परमेश्वराला कशी लागू होते ते. श्रोत्याला अंधारात ठेवलेले नाही. सूत्र कुठले, गोष्ट कशासाठी, सगळे उघड.

मॅनेजमेंटच्या केसमधून सूत्र आणि दार्ष्टांतिक दोन्ही काढून टाकलेले दिसते आणि उरते ती नुसती गोष्ट. या मोकळेपणाचा पद्धतीला अभिमान आहे. अर्थात ते दोन्ही नाहीसे झालेले नसतात. ‘टीचिंग नोट’ नावाच्या वेगळ्या कागदात ते जपलेले असते. कोणता प्रश्न कधी टाकायचा, फळ्याच्या कोणत्या बाजूला काय लिहायचे, चर्चा कुठे नेऊन सोडायची, हे सगळे त्यात. हा कागद फक्त शिक्षकांना मिळतो. विद्यार्थ्याच्या हाती लागू नये म्हणून प्रकाशक ओळख तपासूनच तो देतात. म्हणजे उत्तर खुले असले तरी कोणते प्रश्न उत्तर देण्यालायक, हे आधीच ठरलेले. साधूची केस घ्या. फळ्यावर मॅकॉय, स्टीफन, स्विस, जपानी, न्यूझीलंडवाले आणि हमाल असे रकाने आखता येतात. साधूसाठी रकाना आखला तर त्यात लिहायला काही सापडत नाही, कारण लिहिणाऱ्याने काही ठेवलेलेच नाही.

हे एका लेखकाच्या दुर्लक्षामुळे झालेले नाही. केस लिहिण्याच्या व्यवहारातच ते बसलेले आहे. कंपनीत जाऊन, मुलाखती घेऊन, आतले आकडे मिळवून लिहिलेली केस छापण्याआधी त्या कंपनीचे लेखी संमतिपत्र लागते. मसुदा कंपनीला दाखवायचा, तिने आक्षेप घेतलेली वाक्ये बदलायची, आकडे वेष पालटून द्यायचे, गरज पडली तर नावही बदलायचे, मग सही. सही नाही तर केस कपाटात. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात इशारा असतो की ही केस फक्त वर्गातल्या चर्चेसाठी आहे, चांगल्या किंवा वाईट कारभाराचा नमुना म्हणून नाही. ही अट समजण्यासारखी आहे. ज्याने दार उघडले त्याचा विश्वास मोडून कसे चालेल? पण दार ज्याचे, सहीही त्याचीच. निर्णयाचा भार ज्याच्या अंगावर पडला त्याच्या संमतीचा रकाना त्या अर्जात नसतो. छापील साहित्यावरून लिहिलेल्या केसला संमती लागत नाही, पण तिथेही प्रश्न विचारण्याची सवय तीच.

महाराष्ट्राला याचा जवळचा दाखला आहे. दाभोळ वीज प्रकल्पाचे नाव खाडीपलीकडच्या, दापोली तालुक्यातल्या दाभोळचे, पण तो उभा राहिला अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला. अमेरिकी ऊर्जा कंपनी एन्रॉनशी प्राथमिक करार जून १९९२ मध्ये झाला, वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. मध्यंतरी जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी करून तो जिवंतही केला. या सगळ्यावर हार्वर्डमध्ये १९९० च्या दशकातच भागाभागांत केस लिहिली गेली. तिचा गाभ्याचा प्रश्न कंपनीचा होता. परदेशातले सरकार बदलले, करार मोडला, आता कंपनीने काय करावे? प्रकल्पाची सूत्रे हलवणाऱ्या रिबेका मार्क यांनी १९९० मध्ये हार्वर्डमधूनच एमबीए केले होते, आणि एन्रॉनचे पुढे तुरुंगात गेलेले प्रमुख जेफ्री स्किलिंग १९७९ च्या तुकडीचे. केसमधला नायक आणि केस वाचणारा विद्यार्थी एकाच बाकावरून उठलेले होते.

शिक्षणाचा संबंध आणखी एका अंगाने आला. १९९५ मध्ये एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले की या प्रकल्पाची घडण आणि संबंधितांचे शिक्षण यावर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. कुणाला काय शिकवले यावरून महाराष्ट्रात जे रान उठले ते तेव्हाची वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना आठवत असेल. वेलदूरच्या मच्छीमारांना या शिक्षणात कुठला धडा मिळाला, ते ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या जानेवारी १९९९ च्या अहवालात आहे. खाडीच्या पाण्याचे काय, मासळीचे काय, जमिनीचे काय, असे विचारत मोर्चे काढणाऱ्यांना अटका झाल्या. जून १९९७ मध्ये पहाटे पोलिसांनी वेलदूरमध्ये शिरून घराघरांतून बायकांना ओढून काढले, मारले, गाडीत घातले. त्यांत एक गरोदर बाईही होती. प्रकल्पावरच्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, अशीही नोंद अहवालाने केली.

हार्वर्डची केस या पहाटेच्या आधीची, त्यामुळे ती घटना त्यात नाही असा दोष देणे अन्यायाचे होईल. पण खाडीचा आणि मासळीचा प्रश्न त्याआधीपासून विचारला जात होता. वाटाघाटीच्या केसमध्ये असले प्रश्न ‘स्थानिक विरोध’ या एका ओळीत मावतात. राजकीय जोखमीच्या यादीत, चलनाच्या दराखाली. वीजनिर्मिती १९९९ मध्ये सुरू झाली, २००१ मध्ये थांबली आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. त्यानंतर बिझनेस स्कूलांत एन्रॉनवर केसेसचा पूर आला. त्यांतला बळी बहुधा भागधारक किंवा पेन्शन गमावलेला कर्मचारी असतो.

मॅकॉयने आपल्या गोष्टीसाठी दृष्टांताचे नाव घेतले ते त्याच्या धर्मातूनच आलेले. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला वाटेवर पडलेला जखमी म्हटले की लूकच्या शुभवर्तमानातला, वाटेवरच्या जखमीला मदत करणारा चांगला शोमरोनी आठवल्याशिवाय राहत नाही. मात्र त्या गोष्टीची खरी कलाटणी त्याच्या लेखात उतरली नाही. शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे मी कुणाकुणाला मदत करायला बांधलेला आहे, हद्द सांगा. प्रश्न मदत करणाऱ्याच्या खुर्चीतला आहे. येशू गोष्ट सांगून उलटा प्रश्न टाकतो, लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या माणसाचा शेजारी यांच्यापैकी कोण झाला? शास्त्र्याला आता रस्त्यावर पडलेल्याच्या बाजूने पाहून उत्तर द्यावे लागते. सारा धडा त्या जागाबदलात आहे.

विनयपिटकातही पुष्कळ नियमांची सुरुवात लोकांच्या कुरकुरीने होते. वर्षावासाचाच नियम घ्या. पावसाळ्यात भिक्षू हिरवे गवत आणि कोवळी पिके तुडवत हिंडतात, बारीक जीव मारतात, पाखरेसुद्धा पावसात घरट्यात बसतात आणि यांना कळत नाही, अशी तक्रार लोक करतात. ती बुद्धाच्या कानी जाते आणि वर्षाकाळात एका जागी राहण्याचा नियम होतो. तक्रार करणारा संघाचा सभासद नाही, त्याला नियम करण्याचा अधिकार नाही. तरी प्रकरण त्याच्या बोलण्यापासून सुरू होते.

आणि महाभारतात तर प्रकरण जिच्यावर गुदरले तीच प्रश्न घालते. सभापर्वात दूत द्रौपदीला न्यायला येतो तेव्हा ती आधी रडत नाही. परत जा आणि विचार, म्हणते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? भरल्या सभेतले जाणते गप्प बसतात. भीष्म धर्माच्या सूक्ष्मपणाकडे बोट दाखवतो. कौरवांतला धाकटा विकर्ण तेवढा उभा राहतो आणि कर्ण त्याला झाडून काढतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीच्या या प्रश्नाला तिची घोडचूक ठरवले आहे. सासऱ्या-आजेसासऱ्यांपुढे तिने कायद्याचा काथ्याकूट करायला नको होता, माणुसकीच्या नावाने हाक द्यायला हवी होती, असे त्यांचे मत. इरावतीबाईंचा कडवेपणा ओळखीचा आहे आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असेल; पंडिती प्रश्नाने सभेला पंडिती पळवाट सापडलीच. पण द्रौपदीने प्रश्न विचारला नसता, तर तो दिवस ‘पणात सगळे हरल्यावर युधिष्ठिराने काय करावे’ एवढ्याच केसचा राहिला असता. तिच्या प्रश्नामुळे आजही वाचणाऱ्याला भीष्माच्या आसनावर बसणे जड जाते.

यावर प्राध्यापक मंडळींचे उत्तर तयार असते, आणि ते हलके नाही. विद्यार्थी उद्या व्यवस्थापक होणार आहे, मच्छीमार नाही. शल्यविशारदाला शिकवताना आपण त्याला टेबलावर आडवे करत नाही. शिवाय प्रत्येक केसमध्ये प्रत्येकाची बाजू घातली तर वीस पानांची दोनशे होतील आणि निर्णय कधीच होणार नाही. हे सगळे खरे. तरीही सर्जनला आज रोग्याच्या संमतीवाचून सुरी उचलता येत नाही, आणि ती अट ज्या चर्चेतून पक्की झाली तिच्यात जॉन्सन-टूलमिन बसले होते तो आयोग होता. वैद्यकाने प्रकरणे चर्चेला घेतली ती प्रयोगाला बळी पडलेल्यांच्या किंकाळीनंतर. मॅनेजमेंटच्या शिक्षणाने ती पायरी अजून अर्धवट ओलांडलेली आहे.

जागा बदलून पाहण्याचा प्रयत्न भारतात झालाच नाही असे नाही. हार्वर्डच्या सहकार्याने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयआयएम अहमदाबादने केस पद्धत पहिल्यापासून स्वीकारली. तिथले पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये पद सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. १९७५ पासून ते राजस्थानातल्या, तेव्हा अजमेर जिल्ह्यात असलेल्या जवाजा या दुष्काळी भागात जाऊ लागले. सरकारी दृष्टीने तिथे विकासाला लागणारी साधनसंपत्ती नव्हती. मथाईंचे म्हणणे होते की माणसे आहेत ना, मग आरंभ तिथून करू. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या लोकांसह त्यांनी तिथल्या विणकरांबरोबर आणि चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांबरोबर काम केले. बँकेशी, व्यापाऱ्याशी, मालाच्या दर्जाशी कारागिरांनी स्वतः झुंजायचे आणि प्राध्यापकांनी यथावकाश बाहेर पडायचे, असा बेत. मथाई १९८४ मध्ये गेले. या प्रयोगाचे ‘द रूरल युनिव्हर्सिटी’ हे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. त्यात शिकवणारे फसतात, कारागीर अडून बसतात, सोसायटीत भांडणे होतात. इथे अडचण ज्याची, तोच निर्णय घेणारा होता, आणि प्राध्यापक बऱ्याचदा त्याच्या अडचणीचा एक भाग असे.

समजा कुणी आज ‘वेलदूर (अ)’ अशी केस लिहायला घेतली. पहिल्या पानावर कंपनीची बोर्डरूम नको, मच्छीमारांच्या सोसायटीची बैठक हवी. खाडीत कोणत्या महिन्यात कोणती मासळी लागते, एका फेरीला किती डिझेल जाते, घरटी किती जण होडीवर आणि किती जण मुंबईला, हे परिशिष्ट एक. प्रकल्पावर किती दिवसांची मजुरी मिळेल आणि किती ठेके गावातल्यांना, हे परिशिष्ट दोन, कारण गावातही प्रकल्प हवासा वाटणारे होतेच आणि त्यांना वगळले तर ही केसही तितकीच एकांगी. करारातला किती मजकूर मराठीत मिळू शकत होता, हे तिसरे. निर्णय असा की लढायचे, वाटाघाट करायची की नोकऱ्यांची यादी द्यायची. एमबीएच्या विद्यार्थ्याला हा तास अवघड जाईल, आकड्यांची वानवा म्हणून नव्हे. त्याच्या हातात असलेली सगळी अवजारे पलीकडच्या पक्षासाठी घडवलेली आहेत म्हणून.

मग संमतिपत्राचा मुद्दा येईल. कंपनीची सही कोण करते हे ठरलेले असते, वेलदूरची कोण करणार? सरपंच, सोसायटीचा चेअरमन, की त्या पहाटे पोलिसांच्या गाडीत कोंबलेल्या बायका? मसुदा मराठीतून वाचून दाखवावा लागेल. वाचून झाल्यावर त्यांच्यातली एखादी म्हणाली की हे वाक्य खोडा, असे काही आमच्यात झाले नव्हते, तर कंपनीच्या शब्दाखातर वाक्य खोडणारा लेखक तिच्या शब्दाखातर खोडेल का, हे त्याला अहमदाबादहून नाहीतर पुण्याहून निघण्याआधीच ठरवून ठेवावे लागेल.